कंपवातग्रस्तांचे साहाय्यगट

कंपवात (पार्किन्सन रोग) झालेल्या व्यक्ती आणि त्यांची शुश्रूषा करणारे कुटुंबीय यांनी परस्परांना आधार व माहिती देण्यासाठी स्थानिक पातळीवर चालविलेली मंडळे. यांतील काही मंडळे रुग्णालयांशी संलग्न असतात, काही राष्ट्रीय संस्थांच्या शाखा म्हणून काम करतात, तर काहींची साधी नोंदणीही झालेली नसते. उपचार करणे हे त्यांचे काम नव्हे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी समदुःखी माणसांनी जमावे व बोलावे, हा त्यांचा गाभा होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटन, अमेरिका व यूरोपातील इतर देशांत ही मंडळे निघाली. भारतात त्यांची वाढ मुख्यतः २००० नंतरची आहे.

मेंदूच्या खोल भागातील, डोपामीन हे रासायनिक द्रव्य निर्माण करणाऱ्या कोशिकांचा हळूहळू नाश झाल्यामुळे हा रोग होतो. हातापायांचा कंप, स्नायूंची ताठरता, हालचालींतील मंदपणा आणि तोल जाणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत (⇨ कंपवात). तो पूर्ण बरा करणारा उपाय अद्यापि सापडलेला नाही; तथापि रोगी त्याच्यासह अनेक वर्षे, पुष्कळदा दोन दशके, जगतो. साहाय्यगटांची गरज रोगाच्या ज्या अंगातून उत्पन्न झाली, त्याला वैद्यकीय ग्रंथांत मात्र जेमतेम दोन ओळी मिळतात. हा रोग चारचौघांत दिसतो. चहाचा कप हातात धरला की हिंदकळतो. अक्षर बारीक होत जाऊन बँकेतील सही जुळेनाशी होते. आवाज खाली जातो. चेहऱ्यावरील भाव ओसरून त्यास मुखवट्यासारखा स्थिरपणा येतो. अडखळत चालणारा माणूस मद्यपी समजला जातो आणि न हसणारा गर्विष्ठ किंवा मंदबुद्धी. साहजिकच रोगी लग्नसमारंभास, बाजारात, देवळात जाणे टाळू लागतो. शरीर असमर्थ होण्याच्या पुष्कळ आधी तो घरात कोंडला गेलेला असतो. हा एकांतवास रोगापेक्षा लाजेचा परिणाम अधिक होय.

पूर्वपीठिका : लंडनच्या हॉक्स्टन भागातील वैद्य जेम्स पार्किन्सन (१७५५–१८२४) यांनी १८१७ मध्ये कंपवातावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात सहा रोग्यांचे वर्णन आहे. त्यांपैकी दोघे त्यांना रस्त्यात भेटले होते आणि एकास त्यांनी केवळ दुरून पाहिले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयात झां मार्तँ शार्को यांनी रोगाची लक्षणे अधिक काटेकोरपणे निश्चित केली व त्याला पार्किन्सन यांचे नाव दिले. साल्पेत्रिएरमध्ये असे अनेक रोगी एका छपराखाली राहत असत. परंतु ते व्याख्यानासाठी पुढे आणले जाणारे नमुने होते. पार्किन्सन यांच्या निबंधानंतर सु. दीडशे वर्षे रोग्यांची ओळख झाली ती वैद्यांशी. रोग्यांची रोग्यांशी ओळख घडवून आणावी, ही कल्पना वैद्यकाच्या बाहेरून आली.

तिचे मूळ इतर आजारांच्या चळवळींत सापडते. अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेने, त्याच व्यसनातून गेलेला माणूसच दुसऱ्यास आधार देऊ शकतो, हे तत्त्व रूढ केले. तंत्रिका तंत्राच्या रोगांपुरता विचार केल्यास सिल्व्हिया लॉरी यांचे उदाहरण महत्त्वाचे आहे. त्यांच्या भावास मल्टिपल स्क्लेरोसिस हा रोग झाला होता. १ मे १९४५ रोजी त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक छोटी जाहिरात देऊन, या रोगातून बऱ्या झालेल्या कोणीही संपर्क साधावा, अशी विनंती केली. पन्नासहून अधिक उत्तरे आली. परंतु ती बऱ्या झालेल्यांची नव्हती. उत्तरे लिहिणारे तोच प्रश्न विचारत होते. या पत्रव्यवहारातून १९४६ मध्ये राष्ट्रीय संस्था उभी राहिली. उपाय शोधण्यास निघालेल्यांना उपायाऐवजी सोबत मिळाली, हा क्रम पुढे बहुतेक सर्व साहाय्यगटांच्या इतिहासात आढळतो.

कंपवाताच्या बाबतीत आधी निघाल्या त्या निधी उभारणाऱ्या संस्था. १९५७ मध्ये न्यूयॉर्क येथे विल्यम ब्लॅक या कॉफीच्या व्यापाऱ्याने आणि त्याच वर्षी मायामी येथे जीन लेव्ही यांनी स्वतंत्रपणे प्रतिष्ठाने स्थापन केली. ब्लॅक यांच्या मित्रास व लेव्ही यांच्या पतीस हा रोग होता. दोन्ही प्रतिष्ठाने पुढे २०१६ मध्ये एकत्र झाली. संशोधन व उपचार यांना पैसा पुरविणे हे त्यांचे मुख्य काम असल्याने गल्लीतील किंवा गावातील रोग्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागला.

लेव्होडोपा व त्यानंतर : रोग्यांचे जीवन पालटले ते लेव्होडोपा या औषधाने. खाजकुइलीच्या बियांपासून हे द्रव्य वेगळे केल्याचे संशोधन मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच प्रसिद्ध केले होते. भारतीय वैद्यकात खाजकुइलीचे बी कंपवातावर दिले जात असे. मात्र दोन्ही गोष्टींचा संबंध ध्यानात येण्यास पुढील दोन दशकांचे संशोधन लागले. १९६० मध्ये ओलेह होर्निकीविझ यांनी रोग्यांच्या मेंदूत डोपामीनची उणीव असल्याचे दाखविले. १९६१ मध्ये व्हिएन्ना येथे लेव्होडोपाचा पहिला यशस्वी प्रयोग झाला, १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी ते मोठ्या प्रमाणात तोंडावाटे देण्याची पद्धत बसविली आणि १९७० मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. अंथरुणास खिळलेली माणसे उठून चालू लागली.

परंतु काही वर्षांतच औषधाच्या मर्यादा कळून आल्या. गोळीचा परिणाम दिवसभर सारखा राहत नाही. तो चढतो तेव्हा रोगी जवळजवळ पूर्ववत हिंडतो, उतरतो तेव्हा खुर्चीवरून उठूही शकत नाही. मात्रा अधिक झाल्यास अंगाच्या अनैच्छिक हालचाली होतात. जेवणातील प्रथिनांमुळे औषधाच्या शोषणात अडथळा येऊ शकतो. म्हणजे गोळी, जेवण, झोप व काम यांचे वेळापत्रक प्रत्येकास स्वतःच शोधून काढावे लागते. वैद्यास रोगी दहा मिनिटे भेटतो. बाकीचा दिवस रोग्याचा स्वतःचा असतो. त्या बाकीच्या दिवसाचे ज्ञान ग्रंथांत नव्हते. ते रोग्यांपाशी आणि त्यांच्या घरच्यांपाशी होते. औषध नसताना साहाय्यगटाचे काम सांत्वनापुरते राहिले असते. औषध आल्यामुळे गटात बोलण्यासारखे काही निर्माण झाले, असे म्हणता येईल.

ब्रिटनमध्ये १९६९ साली पार्किन्सन्स डिसीझ सोसायटी ही संस्था माली जेंकिन्स यांनी स्थापन केली. त्यांच्या बहिणीस कंपवात झाला होता. संस्थेचे बळ तिच्या स्थानिक शाखांत होते. चर्चचे सभागृह, वाचनालयाची खोली, क्वचित एखाद्या सभासदाचा दिवाणखाना, अशा जागी शाखा भरत. १९८९ मध्ये कॉर्नवॉल येथे कंपवातातील पहिली विशेष परिचारिका नेमली गेली आणि ती पद्धत पुढे देशभर रुजली; रोग्याच्या दारी जाणाऱ्या जाणकार माणसाची आवश्यकता अशा प्रकारे मान्य झाली. ‘रोग’ हा शब्द वगळून या संस्थेने २०१० मध्ये पार्किन्सन्स यूके असे नाव धारण केले. १९९२ मध्ये म्यूनिक येथे यूरोपातील अशा संस्थांचा संघ निघाला. त्याच्या पुढाकाराने १९९७ पासून पार्किन्सन यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, जागतिक कंपवात दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी वापरल्या जाणाऱ्या तांबड्या ट्यूलिपचा इतिहास मनोरंजक आहे. हे वाण स्वतः कंपवात झालेल्या एका डच फुलशेतकऱ्याने तयार केले व त्यास डॉ. जेम्स पार्किन्सन यांचे नाव दिले.

गटाची कार्यपद्धती : साहाय्यगट चालविणे हे बाहेरून सोपे भासते. प्रत्यक्षात रोगाचे प्रत्येक लक्षण सभेच्या व्यवस्थेस आडवे येते. सभेची वेळ बहुतेकांच्या गोळीचा परिणाम टिकून असेल अशी निवडावी लागते. सकाळी लवकरची किंवा रात्रीची वेळ बहुधा निरुपयोगी ठरते. जागा तळमजल्यावर व स्वच्छतागृहाजवळ हवी. जिना हा अपेक्षेइतका मोठा अडथळा नसतो, उंबरठा असतो. कंपवातातील पाऊल ‘गोठण्याचा’ प्रकार दारात, अरुंद वाटेत व वळताना विशेष होतो. जिन्याच्या पायऱ्या मात्र डोळ्यांना खूण पुरवितात, म्हणून सपाट जमिनीवर अडलेला माणूस जिना चढून जातो. ब्रिटिश तंत्रिकातज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्ये या दृश्य खुणांचे महत्त्व दाखवून दिले. कित्येक गटांतील माणसांना ते आपापल्या घरच्या फरश्यांवरून आधीच ठाऊक झालेले असणे संभवनीय आहे. जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटविणे, पुढे टाकलेल्या काठीवरून पाऊल उचलणे, मनात ताल धरणे या युक्त्या एका गटातून दुसऱ्या गटात जातात. आवाज क्षीण असल्याने लहान खोलीतही ध्वनिक्षेपक लागतो. पेले अर्धेच भरतात. सभा चालविणाऱ्यास श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून काही उमगत नाही. कंटाळलेला आणि भारावलेला माणूस सारखाच दिसतो. त्यामुळे नवख्या वक्त्यास पूर्वकल्पना द्यावी लागते.

गटाच्या इतिहासातील खरा वाद मात्र निराळा आहे. नुकतेच निदान झालेली पन्नाशीतील व्यक्ती पहिल्या सभेस येते आणि शेजारच्या खुर्चीवर वीस वर्षांचा रोगी बसलेला पाहते. मार्गारेट होन व मेल्व्हिन यार यांनी १९६७ मध्ये रोगाच्या पाच अवस्था मांडल्या. साहाय्यगटात या पाचही अवस्था एका ओळीत बसलेल्या असतात. कित्येक नवागत पुन्हा येत नाहीत. यावर उपाय म्हणून काही देशांत तरुणपणी रोग झालेल्यांचे किंवा नव्या रोग्यांचे वेगळे गट काढण्यात आले. त्यांत मोकळेपणा अधिक असतो. नोकरी, लहान मुले, वैवाहिक जीवन यांविषयीचे प्रश्न तेथेच विचारता येतात. परंतु विभागणीची किंमत मोठी असते. पुढील अवस्थेतील माणसांना गटातून दूर ठेवणे म्हणजे समाजाने त्यांना जे केले तेच गटाने करणे होय. शिवाय वीस वर्षे रोगासह काढलेला माणूस अजून विनोद करतो, हे पाहण्याची संधीही नवागतास राहत नाही. नव्या माणसाशी आधी दूरध्वनीवर किंवा घरी जाऊन बोलणे आणि सभेत काय दिसेल याची कल्पना देणे, हा मधला मार्ग अधिक टिकाऊ ठरल्याचे दिसते.

दुसरा प्रश्न गट कोणाचा, हा होय. वैद्याने काढलेल्या गटास जागा, रोगी व प्रतिष्ठा आयतीच लाभते. पण तेथे सभा हळूहळू व्याख्यानाचे रूप घेते आणि प्रत्येकजण आपल्या गोळ्यांची यादी घेऊन तज्ज्ञाभोवती गर्दी करतो. रोग्यांनी काढलेल्या गटात बोलणे खुले असते, पण एखाद्याच्या अनुभवावरून दुसऱ्याने परस्पर मात्रा बदलण्याचा किंवा हमखास गुणाचे आमिष दाखविणाऱ्या औषधांचा शिरकाव होण्याचा धोकाही असतो. लेव्होडोपा एकाएकी थांबविणे धोक्याचे असल्याने ही बाब क्षुल्लक नाही. औषध-कंपन्यांच्या देणग्या हा आणखी एक नाजूक विषय होय. सभागृहाचे भाडे व चहा यांपुरता पैसा घेतला, तरी व्यासपीठामागील फलकावर कोणाचे नाव झळकते, याकडे सभासदांचे लक्ष असते.

गट चालविणारी व्यक्ती बहुधा स्वतः रोगी असते किंवा रोग्याचा जोडीदार. रोग वाढत जाणारा असल्याने चिटणीस दर काही वर्षांनी बदलावा लागतो. हिशेबाची वही थरथरत्या हातातून दुसऱ्या हातात जाते. सभासदांच्या निधनाच्या वार्ता सभेत कशा सांगाव्यात, सांगाव्यात की नाही, याविषयी प्रत्येक गटास आपली रीत ठरवावी लागते. शुश्रूषा करणाऱ्यांची स्थिती अधिक बिकट असते. बहुसंख्य ठिकाणी ही जबाबदारी पत्नीवर, सुनेवर किंवा मुलीवर पडते. रोग्यासमोर त्या आपला थकवा बोलून दाखवीत नाहीत. म्हणून अनेक गट सभेचा काही भाग दोघांसाठी वेगवेगळा घेतात. जोडीदाराच्या निधनानंतरही काहीजण येत राहतात, आणि पुष्कळदा गटाचा भार त्यांच्यावरच असतो.

भारत : भारतातील कंपवाताच्या प्रसाराविषयीच्या आरंभीच्या अभ्यासांत मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेली पाहणी प्रसिद्ध आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत १४,०१० व्यक्तींमध्ये ४६ रोगी आढळले. हे प्रमाण दर लाखास सु. ३२८ इतके पडते. त्या समाजातील वृद्धांची मोठी संख्या हे त्याचे एक कारण होय. मुंबईत २००१ साली तंत्रिकातज्ज्ञ बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने पार्किन्सन्स डिसीझ अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था स्थापन झाली. तिने रुग्णालयांच्या व स्थानिक संस्थांच्या आश्रयाने ठिकठिकाणी गट चालविले. त्यांत व्यायाम, वाचा-उपचार व चर्चा यांचा मेळ असतो. हा वैद्यकाच्या अंगाने वाढलेला नमुना होय.

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रोगी व कुटुंबीय यांनी चालविलेला, दुसऱ्या प्रकारचा नमुना आहे. मासिक सभा, तज्ज्ञांची व्याख्याने, घरभेटी, सहली आणि एप्रिलमधील वार्षिक मेळावा ही त्याची कामे आहेत. त्याला अनुकूल भूमी आधीच तयार होती. १९८६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रामुळे आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील स्वमदत गटांमुळे एकत्र बसून स्वतःच्या आजाराविषयी बोलण्याची सवय शहरातील मध्यमवर्गास झाली होती. याच चळवळीतून ‘शुभार्थी’ (आजार असलेली व्यक्ती) व ‘शुभंकर’ (तिची काळजी घेणारी व्यक्ती) हे शब्द कंपवाताच्या क्षेत्रातही आले. ‘रोगी’ व ‘रोग्याचे नातेवाईक’ या शब्दांतील दैन्य त्यांत नाही. ‘मंडळ’ हा शब्दही मराठी माणसास परका नाही. गणेशोत्सवापासून भजनापर्यंत सर्व सामुदायिक कामे त्याच नावाने चालतात. यामुळे कार्याध्यक्ष, चिटणीस, वर्गणी, सहल व स्मरणिका ही चौकट आयती लाभली.

संगीत व नृत्य यांचा गटांच्या कामात झालेला प्रवेश हा अलीकडील महत्त्वाचा बदल होय. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील स्थानिक गटाच्या विनंतीवरून मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये कंपवातग्रस्तांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास असे वर्ग घेण्यास प्रारंभ केला. बाहेरून मिळणाऱ्या तालावर पाऊल सुटे होते, ही त्यामागील शारीरिक बाजू. साठी-सत्तरीतील, जन्मात कधी न नाचलेली गृहस्थ मंडळी थरथरत्या हातांसह इतरांसमोर उभी राहिली, ही दुसरी बाजू. पहिल्या बाजूइतकेच तिलाही महत्त्व आहे.

दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ अन्वये कंपवाताचा समावेश दिव्यांगत्वाच्या सूचीत झाला. त्यानंतर प्रमाणपत्रासाठी सभासदांना साहाय्य करणे हे गटांचे एक नवे काम झाले. ते कटकटीचे असते. कारण गोळीचा परिणाम चढलेला असताना तपासलेला माणूस धडधाकट दिसतो, आणि परिणाम उतरलेला असताना तो कार्यालयापर्यंत पोहोचू शकत नाही. अधिनियमातील बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे; ताशी बदलणारे असामर्थ्य टक्केवारीत कसे मोजावे, हा प्रश्न त्यामुळे व्यवहारात वारंवार उपस्थित होतो.

२०२० मधील कोव्हिड-१९ च्या साथीत सभा बंद पडल्या व त्या दूरध्वनीवर आणि संगणकाच्या पडद्यावर भरू लागल्या. घराबाहेर पडणे अशक्य झालेले जुने सभासद यामुळे अनेक वर्षांनी पुन्हा सभेत दिसले, हा अनपेक्षित लाभ होता. साथ ओसरल्यावर अनेक गटांनी दोन्ही पद्धती चालू ठेवल्या. तथापि ज्यांना ही साधने वापरता येत नाहीत, ते या सोयीबाहेर राहिले. महाराष्ट्रातील गट मुख्यत्वे मोठ्या शहरांत आहेत; तंत्रिकातज्ज्ञही तेथेच आहेत. तालुक्याच्या गावी असा गट क्वचितच आढळतो. तेथे हात थरथरू लागलेल्या माणसाचे निदान पुष्कळदा ‘वय झाले’ एवढ्यावरच थांबते.